तारेच्या रेझिस्टन्सचा प्रोजेक्ट: नायक्रोम आणावी की युरेका?

मुलीच्या प्रोजेक्टपायी दोन्ही तारा घरी आणून झाल्या, दोन रविवार त्यात गेले, म्हणून लिहितोय. लांबी वाढली की रोध वाढतो, जाडी वाढली की कमी होतो हे सगळ्यांना पाठ असतं, खरी कटकट ग्राफ सरळ येण्याची असते आणि ती तार कुठली घेता त्यावर बरीच अवलंबून आहे.

आधी नायक्रोमचं, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या तारेचं, कौतुक करतो कारण तिच्यात दम आहे. 28 नंबरची (SWG गेज, नंबर वाढला की तार बारीक) घेतली तर मीटरला जवळपास 10 ओहम, त्याच नंबरची युरेका, म्हणजे पुस्तकातलं कॉन्स्टंटन, तांबं आणि निकेलचं मिश्रण, साडेचारच्या आतच. साध्या मल्टीमीटरच्या पिना नुसत्या एकमेकींना टेकवल्या तरी माझ्याकडे 0.4 दाखवतो, तो आकडा 10 मधे खपून जातो पण साडेचारात लगेच खुपतो. तांब्याचं नावच काढू नका, त्याच जाडीत मीटरला 0.15 ओहम, तुम्ही पिनाच मोजत बसाल.

आता नायक्रोमचा त्रास. मी हिटरची कॉइल आणली, स्वस्तात काम होईल म्हणून. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं पक्कडीत, ओढ ओढ ओढली, सोडली की परत वेटोळं. शेवटी मीटरपट्टीवर दर दहा सेंटीमीटरला सेलोटेप लावली तरी मधे लाटा राहिल्याच, म्हणजे पट्टीवर 50 आणि तार प्रत्यक्षात त्याहून जास्त, किती जास्त ते कोण सांगणार? लांबीचाच प्रयोग आणि लांबीच खोटी. मुलगी म्हणाली बाबा पॉइंट रेषेवर का बसत नाहीत, मला काही उत्तर सुचेना. मग रिळावरची नवी नायक्रोम पण आणली, ती बरी होती, पण स्प्रिंगसारखी उसळी मारायची सवय तिचीही गेली नाही.

युरेका मात्र त्यामानाने मऊ, एकदा ताणली की पट्टीवर गुमान पडून राहते. साधं सोल्डर पण धरते, नायक्रोम ते झिडकारते. गरम झाल्यावर रोध बदलण्यातही युरेका जवळपास जागची हलत नाही, नायक्रोम थोडी हलते, पण शाळेच्या प्रयोगात तो फरक तुम्हाला दिसेलच असं नाही, आम्हाला तरी नाही दिसला.

तुमच्याकडे सरळ नायक्रोम आधीच पडलेली असेल तर उगाच खर्च करू नका, होईल काम. नवीनच आणणार असाल तर मी आपला 30 नंबरची युरेका आणीन, मीटरला 6 ओहमच्या वर जाते, मग पिनांचा आकडा वजा केला की भागतं. जाडीच्या भागासाठी 24 आणि 32 घ्या, व्यास जवळपास दुप्पट-निम्मे आहेत त्यामुळे रोध चौपटीच्या आसपास दिसतो आणि पोरांना ते पटकन पटतं. फक्त व्यास स्क्रू गेजने दोन-तीन जागी बघा, त्यात 5 टक्के चुकलात तर उत्तरात 10 टक्के चुकणार.

आणि दुकानात उघडी तार मागा. आमची पहिली लाखेचा थर असलेली निघाली, अर्धा तास मीटरवर काहीच येईना आणि मी सेल बदलत बसलो होतो.