कस्टम कस्टम ब्रिज हम्बकर: टोकदार आवाजाच्या गिटारवर अनेक महिने वापरल्यावर

ब्रिजजवळचा पिकअप (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) घ्यायचा असेल तर पिकअपचे डेमो ऐकण्याआधी आपली गिटार नीट ऐका, हे सगळ्यात आधी सांगतो. सेमूर डंकन या कंपनीचा ‘कस्टम कस्टम’ नावाचा हम्बकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, माझ्या गिटारवर कित्येक महिने आहे. घरी, बँडच्या सरावात, स्टेजवर, सगळीकडे तोच वाजतो. मी त्यावर मनापासून खूश आहे, पण हाच पिकअप माझ्या दुसऱ्या, जाडजूड महोगनी गिटारवर मी बसवणार नाही.

ज्या गिटारवर तो आहे ती अशी: २५.५ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), बोल्ट-ऑन मेपल नेक, फिंगरबोर्डही मेपलचाच, सहा स्क्रूंचा ट्रेमोलो ब्रिज, मधे आणि नेकला सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचे पिकअप. अँपला न जोडता वाजवली की तिचा स्वभाव लगेच कळतो. वरचा आवाज लख्ख, जाड तारा ताठ आणि स्पष्ट, पण मधे भरीवपणा कमी. जी आणि बी तारांवरचे सूर पटकन येतात आणि पटकन विरतात. तिच्यावर आधीपासून असलेला ब्रिज हम्बकर सिरॅमिक मॅग्नेटचा आणि चांगला दणदणीत होता. भरपूर गेनवर, म्हणजे आवाज खूप फाटलेला असताना, तो शोभायचा. पण मी जास्त वाजवतो ते हलक्या क्रंचवर (किंचित फाटलेल्या आवाजावर), आणि तिथे वरच्या दोन तारा अक्षरशः कानात घुसायच्या. टोनचा नॉब खाली आणला की धार जायची, पण तिच्यासोबत आवाजातला जीवही जायचा.

अशा वेळी सगळीकडून एकच सल्ला येतो: अजून ‘हॉट’ पिकअप घे. आणि हॉट म्हणजे काय, तर डीसी रेझिस्टन्सचा (कॉइलची तार विजेला किती अडवते त्याचा) मोठा आकडा. हा आकडा एकटा धरून निवड करू नका. कॉइलची तार जितकी बारीक, तितका तिच्या दर फुटामागचा रेझिस्टन्स जास्त. म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या तारेचे दोन पिकअप नुसत्या किलोओमवर तोलता येत नाहीत. सेमूर डंकनचेच दोन पिकअप घ्या: जेबीचा आकडा १६ किलोओमच्या वर, फिफ्टी-नाइनच्या ब्रिज मॉडेलचा साधारण ८. म्हणून जेबी दुप्पट जोरात वाजतो असं अजिबात नाही. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून आवाजाचं शिखर, म्हणजे पिकअप सगळ्यात जास्त उचलतो ती पट्टी, कुठे येणार ते ठरतं. वेढे वाढले की ते शिखर खाली सरकतं आणि मिड्स (मधल्या पट्टीचा आवाज) पुढे येतात. लांब केबल लावली तरी ते खाली येतं, त्यामुळे नवा पिकअप ऐकताना रोजचीच केबल वापरा.

ब्रिजच्या पिकअपला नेकपेक्षा थोडे जास्त वेढे देतात, त्याचं कारणही साधं आहे. ब्रिजजवळ तार फार कमी हलते, तिथून कमी सिग्नल मिळतो, तो भरून काढावा लागतो.

मला निर्णय घ्यायला खरी मदत झाली ती मॅग्नेटची. सेमूर डंकनच्या कस्टम मालिकेत तीन भाऊ आहेत: कस्टम सिरॅमिक मॅग्नेटचा, कस्टम फाइव्ह अल्निको ५ चा (अल्निको म्हणजे मिश्रधातूचा मॅग्नेट, आकडा म्हणजे त्याचा प्रकार) आणि कस्टम कस्टम अल्निको २ चा. तिघांचे रेझिस्टन्सचे आकडे जवळपास सारखे, १४ किलोओमच्या थोडे वर. तरी आवाज वेगवेगळे. सिरॅमिकचा घट्ट, बेस आवळलेला, पिकचा फटका ठळक. अल्निको ५ चा मोकळा, बेस आणि ट्रेबल दोन्ही उठावदार, मिड्स जरा मागे. अल्निको २ या तिघांत सगळ्यात मवाळ मॅग्नेट: ट्रेबलची टोकं गोलसर, मिड्स पुढे, बेस थोडा सैल. माझ्या गिटारकडे टोक आणि ताठपणा आधीच भरपूर होता. तिला हवं होतं ते मधलं मांस. म्हणून अल्निको २.

घेताना ट्रेमबकर मॉडेल घेतलं, म्हणजे टीबी-११. नेहमीच्या हम्बकरवर पहिल्या आणि सहाव्या पोलमधलं (तारेखालच्या धातूच्या खिळ्यांमधलं) अंतर साधारण ४९ मिलिमीटर असतं. ट्रेमबकरवर ते सुमारे ५३. माझ्या ब्रिजवर तारा एकमेकींपासून लांब आहेत, त्यामुळे रुंद पोल बरोबर तारांखाली आले. अरुंद हम्बकर लावला असता तर वाजला नसता असं नाही, पण बाहेरच्या तारा पोलवरून सरकलेल्या दिसत राहिल्या असत्या आणि मला ते रोज खटकलं असतं.

वायरिंगबद्दल एकच गोष्ट, पण ती महत्त्वाची. चार वायरींच्या हम्बकरचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी वायर हॉट (सिग्नलची), लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झियो या दुसऱ्या कंपनीमध्ये लाल हॉट, आणि काळी-पांढरी एकत्र. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला तर आवाज पातळ होतो किंवा येतच नाही. सोल्डरिंगला हात लावण्याआधी जुन्या जोडणीचा फोटो काढून ठेवा, आणि जुन्या पिकअपच्या वायरी पॉटजवळून (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या भागाजवळून) सोडवा, मधेच कापू नका. पुढे कधी तो परत लावावासा वाटला तर पुरतील.

आता उंची. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं पूर्ण चीज झालं. दोन्ही ई तारा शेवटच्या फ्रेटवर दाबायच्या आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलपर्यंतचं अंतर मोजायचं. सुरुवातीला मी दोन्ही बाजूंना २ मिलिमीटर ठेवलं. आवाज मोठा, पण दाबल्यासारखा. जोरात वाजवा की हळू, अँपमधून जवळपास सारखंच बाहेर यायचं. मग जाड ईच्या बाजूचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करत गेलो. प्रत्येक वेळी तोच उघडा ए कॉर्ड, तोच अँप, नॉब कुठलाच हलवायचा नाही. अंतर ३ मिलिमीटरच्या आसपास आलं आणि कॉर्डमधल्या तारा सुट्या ऐकू यायला लागल्या. बारीक ईची बाजू २ वरच राहू दिली. तेव्हापासून ही उंची बदललेली नाही. नवा पिकअप घ्यायच्या विचारात असाल तर आधी आहे त्याच पिकअपवर हे करून बघा. खर्च शून्य, लागतो फक्त स्क्रूड्रायव्हर आणि पट्टी.

पॉटचंही बघायला हवं. हम्बकरला ५०० किलोओम आणि सिंगल कॉइलला २५० हा प्रघात, कारण कमी किलोओमचा पॉट ट्रेबल जास्त गिळतो. दोन्ही प्रकारचे पिकअप एकाच गिटारवर असले की ओढाताण होते. मी ५०० चे पॉट ठेवले आणि सिंगल कॉइल निवडल्यावर ४७० किलोओमचा एक रेझिस्टर समांतर जोडला जाईल असा स्विच बसवून घेतला. मग सिंगल कॉइलला पॉट २५० च्या जवळचाच वाटतो. शिवाय पॉटवर छापलेला आकडा अंदाजाचा असतो, त्यात २० टक्क्यांपर्यंत फरक चालतो. विकत घेतलेला ५०० चा पॉट मीटरवर ४२० निघाला तर पिकअप विनाकारण मंद वाटेल. मोजून घ्या.

इतके महिने वाजवल्यावर काय वाटतं? क्रंच हे याचं घर. व्हॉल्यूम दहावर ठेवून उघडे कॉर्ड वाजवले की आवाज भरतो, पण तारा एकमेकींत चिकटत नाहीत. व्हॉल्यूम सहा-सातवर आणला की बऱ्यापैकी क्लीन होतो, त्यामुळे गाण्याच्या मधे पेडलवर पाय नाही ठेवला तरी चालतं. सोलोत बाराव्या फ्रेटच्या वरचे सूर आता बारीक किंचाळत नाहीत, त्यांना अंग आहे. बी तारेवर बेंड घेऊन सूर धरून ठेवला की तो हळूहळू फुलतो; या गिटारवर हे मला आधी कधी मिळालं नव्हतं. बँडमध्ये दुसरी गिटार आणि कीबोर्ड एकदम सुरू असतानाही माझा आवाज मिड्समुळे सापडतो, त्यासाठी अँप वाढवावा लागत नाही. घरी एकट्याने ऐकताना हेच मिड्स सुरुवातीला जरा जास्त वाटतात. बँडसोबत ऐकल्याशिवाय मत बनवू नका.

कॉइल स्प्लिट, म्हणजे हम्बकरचा एकच कॉइल चालू ठेवणं, मी क्वचितच वापरतो. एकटा कॉइल ठीक वाजतो, पण हम्बकरचं मूळ काम बाजूला पडतं. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो गुणगुण घालवण्यासाठीच: उलट दिशेचे दोन कॉइल, उलट ध्रुव, बाहेरची गुणगुण एकमेकांत खपते आणि तारेचा सिग्नल मात्र जुळतो. स्प्लिट केलं की गुणगुण परत येते. मधल्या सिंगल कॉइलसोबत मात्र हा कॉइल गोड वाजतो, तेवढ्यापुरता तो स्विच ठेवला आहे.

हा पिकअप कुणी घेऊ नये, तेही सांगतो. ड्रॉप ट्यूनिंगवर (जाड तार खाली उतरवून) वेगाने पाम म्यूटिंग (तारा तळहाताने दाबून वाजवणं) करायचं असेल तर अल्निको २ चा सैल बेस तुमच्या कामाचा नाही. तिथे सिरॅमिक कस्टम बघा, किंवा १९७२ पासून चालत आलेला डिमार्झियोचा सुपर डिस्टॉर्शन. गिटार मुळातच गडद आणि मिड्सने भरलेली असेल, जशी माझी छोट्या स्केलची महोगनी आहे, तर कस्टम कस्टममुळे ती आणखी जड होईल. तिच्यासाठी मी फिफ्टी-नाइन किंवा कस्टम फाइव्ह, या दोघांपैकी एक घेणार आहे. सध्या कल फिफ्टी-नाइनकडे आहे, कारण त्या गिटारला जोर नको आहे, फक्त वरचा दरवाजा थोडा उघडायला हवा.