मजल्यांचे नकाशे की त्रिमितीय मॉडेल?

एका सोसायटीच्या सचिवांनी विचारलं: कुणाच्या मालकीची हद्द कुठवर, हे सभासदांना दाखवायला मजलानिहाय नकाशे पुरतील की संगणकावर त्रिमितीय मॉडेल करून घ्यावं?

खर्चात नकाशे सरळ जिंकतात. मंजूर आराखडे हाताशी असले की रंग भरले, झालं. मॉडेलसाठी भिंतींची जाडी, स्लॅबची उंची, सगळंच मोजावं लागतं.

समजायला मात्र मॉडेल उजवं. खालच्या दुकानाचा पोटमाळा वरच्या जिन्याखाली घुसला असेल, तर दोन्ही मजल्यांचे नकाशे शेजारी ठेवूनही वाद मिटत नाही. मॉडेल फिरवलं की दिसतं. फक्त एक लक्षात ठेवा: रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार चटईक्षेत्रात (कार्पेट एरियात) आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि पाइपांचे डक्ट नाही. मॉडेलवाल्याला हे आधीच सांगा, नाहीतर चित्र देखणं आणि हद्द चुकीची!

कागदोपत्री? नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या रेल्वे स्थानकासाठी २०१६ मध्ये त्रिमितीय पीडीएफ मालकीनोंदीत गेली. आपल्याकडे दस्ताला सपाट नकाशाच जोडतात.

मजले एकसारखे असतील तर नकाशे बास. दुकानं, पोटमाळे, तळघरातलं पार्किंग एकमेकांत गुंतलेलं असेल तर मॉडेल करा, तेही तेवढ्याच भागाचं. सह्या मात्र नकाशावरच घ्या.