बॅरिॲट्रिक सर्जरी: कॅशलेस की रीइम्बर्समेंट?

वजन कमी करण्याच्या या ऑपरेशनचा खर्च आरोग्य विम्यातून दोन प्रकारे मिळतो: कॅशलेस, म्हणजे विमा कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते; रीइम्बर्समेंट, म्हणजे बिल आधी तुम्ही भरता, कंपनी नंतर परत करते. अट दोन्हीकडे तीच: वय १८ पूर्ण, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ४० किंवा जास्त, ३५ ते ४० च्या मधे असेल तर सोबत आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं) किंवा हृदयविकार हवा. शिवाय डाएट-औषधांनी वजन उतरलं नाही, याचे कागद.

कॅशलेसमध्ये हे कागद ऑपरेशनआधीच तपासले जातात. स्लीप स्टडीचा रिपोर्ट नसला तर टीपीएची (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) क्वेरी लगेच येते. कटकट खरी, पण तारीख पुढे ढकलता येते.

रीइम्बर्समेंटमध्ये हॉस्पिटल तुमच्या पसंतीचं. मात्र पैसे आधी खिशातून. क्लेम नाकारला, तर लाखोंचं बिल तुमच्याच गळ्यात. प्लॅन्ड सर्जरीला मी कॅशलेसच घेईन. आहारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या, तारीख-वजनासकट, फाइलला लावाच.