हवशे, नवशे आणि गवे: मुंबई सिटी की एफसी गोवा?

माझा भाचा बांद्याचा. गेल्या वर्षी अंधेरीत नोकरीला लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन आला, "मामा, माका सांग, मी निळो काय केशरी?"

निळा म्हणजे मुंबई सिटीचा चाहता, केशरी म्हणजे एफसी गोवाचा; दोन्ही इंडियन सुपर लीग (आयएसएल) मधले फुटबॉल क्लब. हा प्रश्न आपल्या सिंधुदुर्गातल्या बऱ्याच मुलांना पडतो. बांद्याहून गोव्याचं फातोर्ड्यातलं स्टेडियम सत्तरेक किलोमीटरवर, तर मुंबई पाचशेहून जास्त. पण पोट मुंबईवर, रेशनकार्डावर महाराष्ट्र, आणि शनिवारी संध्याकाळी पायी जाता येईल असं मैदान आझादनगर मेट्रो स्टेशनजवळ. मी स्वतः २०१६ पासून आठ वर्षं निळा होतो. आता केशरी आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. खेळाडूंची यादी आणि गुणतक्ते तुम्हाला माहीत आहेतच, त्यात जात नाही.

आधी नावांचं बोलू, कारण भाच्याच्या ऑफिसातली खरी भांडणं त्यावरूनच चालतात. कोलकात्यातले मोहन बागानवाले स्वतःला मरिनर्स म्हणवतात, केरळचे मंजप्पडा म्हणजे पिवळी फौज, चेन्नईचे सुपर मचान्स. या नावांमध्ये माणूस शिरतो. मंजप्पडातला माणूस दुबईत असला तरी मंजप्पडाच असतो.

मुंबई सिटीला 'आयलँडर्स' म्हणतात. सात बेटांचं शहर, त्यावरून हे नाव. कागदावर ते शोभतं. पण आठ वर्षांत माझ्या रांगेत कुणी "मी आयलँडर" असं म्हटलेलं मला आठवत नाही. बेटांमधल्या खाड्या बुजवून पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. मुंबईकराला विचारलं तर तो स्वतःला गिरगावचा, परळचा, वसईचा सांगेल, बेटाचा नाही. चाहत्यांनी स्वतःच्या गटाला दिलेलं 'वेस्ट कोस्ट ब्रिगेड' हे नाव मला त्याहून कितीतरी आवडतं. पश्चिम किनारा म्हटलं की त्यात मालवणही येतं, वेंगुर्लाही येतो. या गटातली पोरं मनापासून गातात, ढोल बडवतात, पावसात भिजत बसतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे आणि पुढे जे लिहिणार आहे ते त्यांना लागू नाही.

गोव्याचं नाव 'गौर्स'. गौर म्हणजे गवा, गोव्याचा राज्यप्राणी. मराठी कानाला 'गौर' म्हटलं की भाद्रपदातली गौर आठवते, त्यामुळे आपल्याकडे ते पटकन कळत नाही. पण 'गवा' म्हणा आणि बघा. राधानगरीचं अभयारण्य गव्यांचं, दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरातून गवे रात्री खाली उतरतात, भाजावळीच्या नाचणीत शिरतात. माझ्या भावोजींनी लावलेली काजूची रोपं एका रात्रीत त्यांनी तुडवली. तेव्हा आमच्या घरात गव्याबद्दल प्रेमच आहे असं नाही. पण तो काय प्राणी आहे ते आम्हाला माहीत आहे. रस्त्यात उभा राहिला की हॉर्न वाजवून हलत नाही. नाव असं असावं की ते घेताना डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहिलं पाहिजे. हे माझं मत झालं. गिरगावात वाढलेल्या माणसाला कदाचित वेगळं वाटेल आणि त्याचंही बरोबर असेल.

आता चषकांचा हिशेब. तिथे मुंबईचं पारडं उघड जड आहे. २०२०-२१ मध्ये लीग शिल्ड (साखळीत पहिला येणाऱ्याला) आणि चषक (बाद फेरी जिंकणाऱ्याला) दोन्ही, २०२२-२३ मध्ये पुन्हा शिल्ड, मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून पुन्हा चषक. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. गोव्याकडे २०१९-२० चं शिल्ड, २०२१ चा ड्युरंड कप, २०१९ चा सुपर कप आणि २०२५ मधले दोन. आयएसएलच्या चषकाच्या दोन अंतिम फेऱ्या मात्र हरलेल्या. २०१५ ला घरच्याच मैदानावर चेन्नईयिनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत २-१ चं २-३ झालं. २०१९ ला अंधेरीत बेंगळुरूकडून १-० ने हार, जादा वेळेत गोल कुणाचा, तर बेंगळुरूकडून खेळणाऱ्या मुंबईकर राहुल भेकेचा. तेव्हा भाच्या, जिंकणारा संघ हवा असेल तर इथेच थांब, निळा हो, मी अडवणार नाही.

गोव्याकडचे लोक तुला २०२० ची गोष्ट हमखास ऐकवतील. सर्जिओ लोबेरा हा गोव्याचा कोच मुंबईला गेला आणि त्याच्यामागून जाहू, फॉल, बुमूस हे खेळाडू आणि गोव्याचा स्वतःचा मंदार राव देसाईही. आदल्याच हंगामात ज्यांनी गोव्याला शिल्ड दिलं तेच लोक पुढच्या वर्षी निळ्या शर्टात. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टीवर हरवलं आणि अंतिम सामना जिंकला तोही फातोर्ड्यात, करोनामुळे रिकाम्या स्टँडसमोर. गोवेकरांच्या मनात हे अजून सलतं. मला स्वतःला त्यात फार चूक दिसत नाही. खेळाडूचं करिअर दहा-बारा वर्षांचं, पैसा आणि चांगला संघ मिळत असेल तर त्याने जावं. २०२४ मध्ये गोव्याचा ब्रँडन फर्नांडिसही मुंबईला गेला. या मुद्द्यावर मी बाजू बदलली नाही.

बाजू बदलली ती एका शब्दावरून. 'आपण'.

२४ एप्रिल २०२४, फातोर्डा, उपांत्य फेरीचा पहिला सामना. मी तेव्हा मुंबईचा. सुट्टीला गावी आलो होतो, बांद्याहून मोटारसायकलने गेलो. तिकीट गोव्याच्या स्टँडचं मिळालं, म्हणून निळा शर्ट बॅगेतच ठेवला. शेजारी बाणावलीचे एक काका, सत्तरीच्या पुढचे, केशरी रुमाल गळ्यात. गोव्याच्या बोरिस सिंगने गोल केला, मग ब्रँडनने दुसरा. नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-०. माझा फोन सारखा थरथरत होता. मुंबईतल्या मित्रांचा आमचा एक ग्रुप होता, पंचवीसेक जणांचा. त्यात एकेक जण लिहीत होता, "ह्यांचं संपलं." "हे कधी सुधारणार नाहीत." एकाने टीव्ही बंद केल्याचं सांगितलं आणि इंग्लंडच्या कुठल्याशा सामन्याची लिंक टाकली. ह्यांचं, हे, त्यांना. मी तेव्हा इतकं लक्ष दिलं नाही.

नव्वदाव्या मिनिटाला मुंबईच्या छांगतेने एक मारला. एक्क्याण्णवाव्याला विक्रम प्रतापने दुसरा. शहाण्णवाव्याला पुन्हा छांगते. सहा-सात मिनिटांत २-० चं २-३. मी आयुष्यात असा सामना पाहिलेला नाही, पुन्हा पाहीन असं वाटत नाही. तोंडावर हात धरून बसलो होतो, ओरडायची सोय नव्हती. काकांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना कळलं. ते म्हणाले, २०१५ लाही इथेच, असंच झालं होतं. रुमाल काढला, घडी घातली, खिशात ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "परत यो, पुता." आमच्या आजूबाजूची माणसं लगेच उठली नाहीत. संघ मैदानाची फेरी मारत होता तेव्हा कितीतरी लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. जिंकलेला सामना सात मिनिटांत घालवलेल्या संघासाठी.

रात्री बाराच्या पुढे घरी येऊन फोन उघडला. दोनशेच्या वर मेसेज. "आपण जिंकलो." "आपल्याला कोण हरवणार." "आपली मुंबई." ज्याने टीव्ही बंद केला होता त्याच्याच नावापुढे सगळ्यात जास्त. सामना त्याने पाहिलाच नव्हता. नव्वदाव्या मिनिटाला 'ह्यांचं' होतं ते शहाण्णवाव्याला 'आपलं' झालं.

मला त्याचा किती त्रास झाला ते शब्दांत सांगणं कठीण आहे. इतका की माझ्या संघाच्या सर्वांत मोठ्या रात्रीचा आनंद अर्धा झाला. चार-पाच दिवसांनी अंधेरीत दुसरा सामना मुंबईने २-० ने जिंकला, आठवड्याभरात चषकही आला. मी दोन्ही सामने पाहिले, पण माझ्या डोक्यात काकांची रुमालाची घडीच होती.

जत्रेला जाणाऱ्यांत आपल्याकडे हवशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकार सांगतात. हौस म्हणून येणारे, नवस फेडायला येणारे आणि काही गवसतंय का बघायला येणारे. फुटबॉलच्या स्टँडमध्येही हे तिघे असतात. हवशांबद्दल माझी तक्रार नाही. पोराबाळांना घेऊन एखादी संध्याकाळ मजेत घालवायला कुणीही यावं, त्यांच्या तिकिटांवरच क्लब चालतात. प्रश्न गवशांचा आहे. विजय झाला की तो गोळा करायला येतात, पराभव झाला की हात झटकतात. माझ्या अनुभवात, आणि तो एका माणसाचा अनुभव आहे एवढं लक्षात ठेव, मुंबईत ते मला जास्त भेटले. याला शहराची काही कारणं आहेत. इथे माणूस चार ठिकाणांहून आलेला असतो, त्याचा जुना क्लब कोलकात्यात नाहीतर केरळात असतो. शिवाय ज्या क्लबांभोवती मुंबईत चाहते जमले ते मध्येच मिटले: महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, मुंबई एफसी २०१७ नंतर राहिला नाही. मुंबईत रोव्हर्स कप १८९१ पासून खेळला जात होता, एवढी जुनी परंपरा, पण बापाने पोराला हाताला धरून न्यावं असा एकच शर्ट उरला नाही. त्यात आकाशी रंग बघून मँचेस्टर सिटीचे चाहतेही आले, कारण २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला होता. २०२५ च्या डिसेंबरात तो ग्रुप बाहेर पडला. आता पुढे कोण उरतं ते बघण्यासारखं आहे. वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाले उरतील यात मला शंका नाही.

गोव्यात गवशे नाहीत असं मी म्हणत नाही. २२ ऑक्टोबर २०२५ ला रोनाल्डोचा सौदी क्लब अल-नस्र फातोर्ड्यात आला तेव्हा माझ्या रांगेत निम्मे शर्ट रोनाल्डोचे पिवळे होते. रोनाल्डो आलाच नाही. पोरं हिरमुसली होती, गोवा २-० ने मागे पडल्यावर काहीजण फोनमध्ये डोकं घालून बसले. मग ब्रायसन फर्नांडिसने गोल केला आणि तीच पिवळ्या शर्टातली पोरं 'फोर्सा गोवा' ओरडायला लागली. सामना १-२ ने गेला. पण परतताना पार्किंगमध्ये त्यांच्यातलाच एकजण आपल्या वडिलांना ब्रायसन कुठल्या गावचा ते विचारत होता. गवशाचा नवशा असाही होतो, हे मी त्या रात्री पाहिलं. मुंबईतही होत असेल, मला दिसलं नसेल.

सोयीचं म्हणशील तर तुझ्यासाठी अंधेरीच. सात हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढं लहान मैदान, खेळाडूंची हाक ऐकू येते, सामना संपल्यावर अर्ध्या तासात खोलीवर. फातोर्डा त्याच्या दुपटीहून मोठं, रात्रीच्या सामन्यानंतर मडगावहून आपल्याकडे यायला धड गाडी मिळत नाही, मोटारसायकल नाहीतर मित्राची कार. वर्षातून तीन-चार सामने झाले तरी पुष्कळ. मी तेवढेच बघतो. बाकीचे टीव्हीवर, भावोजींबरोबर. काजूच्या रोपांचा राग त्यांच्या मनातून गेलेला नाही, तरी गोल झाला की "गवो सुटलो रे!" म्हणून तेच आधी उठतात.

एक कर. अंधेरीत गोव्याचा सामना असेल त्या दिवशी मी मुंबईत येतो. तू हवा तर निळा शर्ट घालून ये, मी केशरी घालीन. पण तो ऑफिसातला ग्रुप फोनमध्ये म्यूट करून ये. नव्वद मिनिटं आणि वर जेवढा इंज्युरी टाइम असेल तेवढा, शेवटपर्यंत बसू. काकांनी मला सांगितलं तेच मग तुला सांगायचं की नाही, ते तिथे ठरवू.