सिंधुदुर्ग की विजयदुर्ग: एकच किल्ला जमणार असेल तर

मालवणात दोन-तीन दिवस मुक्काम, त्यात एकच मोकळी सकाळ आणि घरात वाद: किनाऱ्यावरून दिसणारा सिंधुदुर्ग की गाडी काढून विजयदुर्ग? दोन्ही मराठा आरमाराचे जलदुर्ग, दोन्ही २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले.

आधी पैशांचं बोलू. विजयदुर्गात तिकीट नाही. किल्ला गावाला लागूनच आहे, चालत दरवाजातून आत शिरायचं. खर्च काय तो पेट्रोलचा. मालवणहून जायला अडीच तास धरा. महामार्गावरून थेट येणाऱ्यांनी तळेरे फाट्याला वळावं. सिंधुदुर्ग कुरटे बेटावर, म्हणजे होडीचं भाडं आलंच, आणि पावसाळ्यात होड्या बंद. मला मात्र भाड्यापेक्षा घड्याळ जास्त जाचतं. नावाडी बजावतो, तासाभरात परत या. ४८ एकरांचा किल्ला नि जवळपास तीन किलोमीटरचा नागमोडी तट तासात कुठला बघून होतो?

तरी त्या तासात दरवाजाकडे नीट बघा. होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसतच नाही, बुरुजांच्या वळणात दडवलाय. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. तिथल्या महाराजांना दाढी नाही आणि डोक्यावर कोळी लोकांच्या धाटणीची टोपी आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं पाणी भर समुद्रात गोडं. १६६४ साली इथे पाया घातला, तेव्हा ही जागा निवडणाऱ्याची नजर काय असेल!

विजयदुर्गात वेळेची घाई नाही, आणि गोष्टी जास्त. एकामागे एक तीन तट, खूबलढा बुरूज, खाली वाघोटन खाडीचं मुख. १७५६ साली मराठा आरमाराचा सरदार तुळाजी आंग्रे याचा हा किल्ला कोंडीत सापडला: समुद्रातून इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं आरमार, सोबत क्लाइव्ह, आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. म्हणजे आपलीच. आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली ती पसरत गेली आणि त्यांचं सगळं आरमार जळालं. तटावरून खाडीकडे बघताना हे आठवलं की घास अडकल्यासारखं होतं.

‘साहेबाचे कट्टे’ही बघा, म्हणजे ग्रहण बघायला वापरलेले चौथरे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर साहेबाने १८६८च्या ग्रहणात इथूनच हेलियम शोधला, असं कोणीतरी हमखास सांगेल. मान डोलवा, पण त्या वर्षी लॉकयर इंग्लंडमध्ये होता. इथे तो आला २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी.

उणं म्हणाल तर सावली फारशी नाही, झुडपं माजलेली आणि समुद्राकडच्या तटाची पडझड झालेली. मुलांचा हात सोडू नका, पाणी घरूनच न्या.

मला विचाराल तर विजयदुर्ग. होडीतून चढउतार न झेपणारे आई-बाबा बरोबर असतील तर नक्कीच. मुलांनी होडीचा हट्टच धरला असेल तर सिंधुदुर्ग, पण सकाळची पहिली होडी धरा. उन्हं चढली की धक्क्यावर रांग लागते. विजयदुर्गला निघालातच तर गिर्ये गावाजवळची खडकात खोदलेली आरमारी गोदी वाटेत विचारून घ्या. मी पहिल्या दोन्ही खेपांना ती चुकवली होती.