एआय: ऑफिसात बंदी की कंपनीचं खातं?

ऑफिसात चॅटजीपीटीला मनाई करायची की कंपनीच्या पैशानं खाती काढून द्यायची, या पेचात असाल, तर लोक ते सोडत का नाहीत हे आधी बघा. आळशी झालेत म्हणणं सोपं आहे. पण २०२३ मध्ये ५,१७९ ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास आला. एआय मदतीला आल्यावर तासाला निपटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्के वाढल्या, नवख्यांच्या सुमारे ३४ टक्के. मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. आणि बंदीचा निर्णय घेतात मुरलेलेच! इंग्रजी मेल लिहिताना ज्या मुलाला घाम फुटतो, सीनियरला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायची ज्याला लाज वाटते, तो हे का सोडेल?

बंदी स्वस्त पडते, एका परिपत्रकात काम होतं. तिची कारणंही खोटी नाहीत. सॅमसंगच्या इंजिनियरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मे २०२३ मध्ये तिथे बंदी आली. आपल्या अर्थ मंत्रालयानंही २०२५ च्या सुरुवातीला सरकारी कॉम्प्युटरवर असली साधनं वापरू नका असं बजावलं. पण कॉम्प्युटरवर साइट बंद केली तरी खिशात मोबाइल असतोच. स्क्रीनचा फोटो काढला, उत्तर बघून टाइप केलं, झालं काम. आता बाहेर काय गेलं हेही तुम्हाला कळत नाही. मायक्रोसॉफ्ट आणि लिंक्डइनच्या २०२४ च्या पाहणीत एआय वापरणाऱ्यांपैकी ७८ टक्के लोक आपलंच साधन कामावर आणत होते.

कंपनीच्या खात्याला दरमहा माणशी पैसे मोजावे लागतात. मोठ्या एआय कंपन्यांच्या व्यावसायिक योजनांत तुमचा मजकूर त्यांच्या एआयला शिकवायला सहसा वापरत नाहीत. फुकट खात्यात मात्र ते सेटिंग बहुधा स्वतः शोधून बंद करावं लागतं, आणि ते कोण करतं? चुकीचं उत्तर मात्र पैसे भरूनही मिळतं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटजीपीटीनं रचलेले खोटे निवाडे कोर्टात दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला.

क्लायंटच्या करारातच मनाई असेल तर प्रश्नच मिटला. मग मोबाइलही दाराशी जमा करून घ्या. नाहीतर माझं मत खात्याच्या बाजूनं आहे. पगारपत्रक, आधार क्रमांक आणि न पाठवलेलं कोटेशन त्यात टाकायचं नाही, एवढं पहिल्याच दिवशी सांगा. बजेट पाचच खात्यांचं असेल तर ती साहेबांना नकोत, सगळ्यात नव्या पाच जणांना द्या.