जुन्या गाडीत पेट्रोलचा वास: नळ्या बदलू की कॅनिस्टर बसवू?

रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या गाडीचं दार उघडलं की पेट्रोलचा भपकारा येतो. मित्राचा प्रश्न: पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलू, की चारकोल कॅनिस्टर, म्हणजे वाफ शोषणारा कोळशाचा डबा, बसवू?

खर्चात नळ्या स्वस्त. पण फ्लुओरो-रबराचं (वाफ कमी झिरपू देणाऱ्या रबराचं) अस्तर असलेल्या, आर-९ या इंधन-नळ्यांच्या दर्जाच्याच घ्या; साध्या रबरातून वाफ झिरपतच राहते, इथेनॉल असेल तर जास्तच. टाकीच्या गळ्याची नळी वाकवून बघ, भेगा दिसतील. नेमकी तीच सगळे विसरतात.

कॅनिस्टर टाकीतली वाफ कोळशात धरून ठेवतो, इंजिन चालू झालं की ती ओढून जाळतं. मेहनत मात्र जास्त: इंजिनाच्या व्हॅक्यूमची (वाफ ओढणाऱ्या शोषणाची) जोडणी, शिवाय टाकीला हवाबंद झाकण. कॅनिस्टरमध्ये द्रव पेट्रोल शिरलं की कोळसा वाया.

कुठे ओल, डाग दिसला तर नळ्याच. सगळं कोरडं असून बंद गॅरेजमध्ये उन्हाळ्यात वास कोंडत असेल, तर कॅनिस्टर.